विदर्भातल्या गावात दोघांनी मिळून छोटं घर बांधायचं असेल तर

लग्नानंतर वेगळं घर बांधायचं ठरलं की अख्खं गाव सल्लागार होतं. कोणी म्हणतं पाया खोदून टाका, कागदं मागून होत राहतील. कोणी म्हणतं टिनाचं करा, कोणी म्हणतं कर्ज काढा पण दोन मजलीच करा. यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या मातीच्या पट्ट्यात, आम्ही नवरा-बायकोनं साडेचारशे चौरस फुटांचं घर उभं केलं. मिस्त्री आणि सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा) बाहेरचा, बाकी जमेल तेवढं हातानं. वहीत हिशेब मी ठेवत होते, म्हणून हे लिहायचंही माझ्याकडं आलं.

जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसा आणि डोकं आधी लावा, एवढा एक नियम धरून पुढचं वाचा. जागेचा कागद, पाया, लोहा (सळाखी), स्लॅब आणि घराचं तोंड हे नंतर बदलत नाही. टाईल्स, रंग, किचनचा ओटा, दाराची नक्षी दोन वर्षांनीही होते.

१. जागा कोणाच्या नावावर आहे, ते कागदावर पाहा

गावात "ही आपलीच जागा" या वाक्याचे चार अर्थ निघतात. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

गावठाणातली वडिलोपार्जित जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. लक्षात ठेवा, हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. महसूलचा गाव नमुना ८-अ हा वेगळा कागद, तो शेतीच्या खात्याचा. बँकेत "आठ-अ आणा" म्हणतात तेव्हा कोणता, ते विचारूनच निघा, नाहीतर तालुक्याची एक फेरी फुकट जाते. तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका मिळते. तो कागद सगळ्यात भक्कम.

जागा सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर बांधायच्या आधी बक्षीसपत्र करून घ्या. महाराष्ट्रात राहत्या घराची किंवा शेतीची मिळकत मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वरून स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा किरकोळ खर्च. सून या यादीत नाही. म्हणून आधी मुलाच्या नावावर, मग नवऱ्यानं बायकोला हिस्सा, असा रस्ता आहे. जागा आजोबांपासून आलेली असेल तर नणंदांच्याही सह्या लागतात. "बहीण काही मागत नाही" हे आज खरं असतं. भाचे मोठे झाल्यावर तेच राहील याची हमी कोणी देत नाही.

स्वतःच्या वावरात बांधायचं असेल तर गावठाणाच्या हद्दीपासून किती दूर आहात ते मोजा. २०० मीटरच्या आत असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे वेगळी अकृषक (बिगरशेती) परवानगी घ्यावी लागत नाही, पण कर भरून नोंद करून घ्यावी लागते. ते काम तहसीलमध्ये होतं. भावाभावांत शेतीची वाटणी व्हायची असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करा आणि तुमच्या हिश्श्याचा सातबारा वेगळा झाल्यावरच कुदळ मारा.

आता खरा खड्डा. रस्त्याला लागून कोणी वावराचे तुकडे पाडून "प्लॉट" विकत असेल आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो म्हणत असेल, तर हात जोडून घरी या. नोटरीनं मालकी येत नाही, ती दुय्यम निबंधकाकडच्या नोंदणीनंच येते. तुकडेबंदी कायद्यामुळं असे गुंठे-दोन गुंठे सहसा नोंदवले जात नाहीत, म्हणूनच तो नोटरीवर विकतोय.

सातबाऱ्यावर तीन गोष्टी शोधा: भोगवटादार वर्ग १ आहे की २, इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का, आणि कुठं "ई-क्लास" किंवा "झुडपी जंगल" लिहिलंय का. वर्ग २ असेल तर विकत घ्यायला परवानगी लागते. ई-क्लास म्हणजे सरकारी जागा. झुडपी जंगलाची भानगड पूर्व विदर्भात जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ती जमीन वनजमीनच असल्याचं सांगितलंय. शेजाऱ्यानं वीस वर्षांपूर्वी बांधलं म्हणून तुमचं चालेल असं समजू नका.

२. ग्रामपंचायतीची परवानगी

हे काम ऐकायला मोठं, करायला छोटं आहे. ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर साधं घर बांधायला नगररचना विभागाकडं धावावं लागत नाही, ग्रामपंचायतीतच होतं. परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करून घ्या. फाईलमध्ये हे ठेवा:

- मालकीचा कागद (मिळकत पत्रिका, सातबारा किंवा नोंदवलेलं बक्षीसपत्र) आणि नमुना ८
- चतुःसीमा दाखवणारा जागेचा नकाशा आणि घराचा नकाशा, प्रत्येकी तीन प्रती
- दोघांचं आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स
- घरकर आणि पाणीपट्टी भरल्याची पावती
- सहहिस्सेदार असतील तर त्यांचं संमतीपत्र
- मोकळ्या जागेचे चारही बाजूंनी फोटो

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह. आता ग्रामसेवकांचं पद ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यांचं ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात अजून जुनीच नावं चालतात, अर्जावर मात्र नवीन लिहा.

३. घरकुलात बसता का, ते आधी विचारा

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी जोडलेली असते. राज्यानं २०२५ मध्ये वरून ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती मोफत देण्याची तरतूदही आहे. तिचा पास तहसीलमधून घ्यावा लागतो.

नवीन जोडप्याची अडचण अशी की यादी कुटुंबाच्या हिशेबानं होते आणि तुम्ही सासऱ्यांच्या रेशनकार्डावर असता. वेगळी चूल असेल तर रेशनकार्ड वेगळं करून घ्या आणि पुढच्या सर्वेक्षणात नाव कसं येईल ते ग्रामपंचायतीत विचारा.

दोन फसगती नेहमीच्या. पहिली, मंजुरीच्या आधीच पाया बांधून मोकळं होणं. योजनेत मोकळ्या जागेपासून प्रत्येक टप्प्याचा जिओ-टॅग फोटो लागतो आणि हप्ता त्यावर सुटतो. दुसरी, अनुदान आलं म्हणून सहाशे-सातशे फुटांचं जोतं उभारणं. योजनेत किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे. तेवढं आधी पूर्ण करा, पुढं वाढवायला लोहा मोकळा सोडा. लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीवरच्या पट्टीपर्यंत, येऊन थांबलेली घरं प्रत्येक गावात आहेत. त्यातली बहुतेक पैशाअभावी नाही, मापाअभावी अडली आहेत.

आणि कोणी "नाव लावून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. यादी ग्रामसभेत वाचली जाते.

४. कामाचा महिना ठरवा

इकडं कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो आणि मजूर वेचणीत अडकलेले असतात. पौषात घरचे मुहूर्त धरत नाहीत. मे महिन्यात विहिरीत पाणी नसतं आणि मृग लागला की ट्रॅक्टर चिखलात रुततो. या सगळ्यातून वाट काढायची तर दिवाळी झाल्यावर लगेच खोदकाम आणि पाया, माघ-फाल्गुनात भिंती, आणि मार्च संपायच्या आत स्लॅब. पाणी मुरवण्याचे दिवस एप्रिल-मेच्या टंचाईत येऊ देऊ नका.

पैसा कमी असेल तर दोन हंगामांत करा. पहिल्या उन्हाळ्यात जोत्यापर्यंत काम, भरावाला एक पावसाळा खाऊ द्यायचा, दुसऱ्या वर्षी भिंती आणि छत. जुनी माणसं असंच करायची. भराव बसून जातो, मग फरशी खचत नाही. मला विचाराल तर कर्ज काढून एका दमात बांधण्यापेक्षा हे बरं.

५. नकाशा: उन्हाचा विचार करा, शहरातल्या फोटोचा नको

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो. मोबाइलवरच्या नकाशात हे कुठंच नसतं.

पश्चिमेच्या भिंतीला झोपायची खोली देऊ नका. तिथं न्हाणी, कोठी किंवा जिना घ्या. खिडक्या समोरासमोर ठेवा. दक्षिण आणि पश्चिमेला छज्जा दोन फुटांचा तरी असू द्या. पुढं छपरी घ्याच, कवेलूची किंवा टिनाची चालेल. आठ महिने माणूस छपरीतच जगतो आणि कापूस यायला लागला की तोही तिथंच पडतो. कूलरची खिडकी आत्ताच ठरवा: सावलीच्या बाजूला, बाहेर स्टँडला जागा, जवळ नळ आणि १५ अँपियरचा प्लग. हे राहून गेलं की पुढच्या उन्हाळ्यात भिंत फोडावी लागते.

वास्तूवरून घरात वाद होईल. स्वयंपाकघर आग्नेयेला टाकून आम्ही तह केला. बाकीचं मिस्त्रीवर आणि वाऱ्यावर सोडलं.

स्लॅब की टिन? दोन खोल्यांना स्लॅब, स्वयंपाकघर आणि छपरीला कवेलू किंवा टिन, ही विभागणी खिशाला झेपते. स्लॅबवर नंतर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर किंवा दर उन्हाळ्यात चुन्याचे दोन हात द्या, खालच्या खोलीत फरक जाणवतो.

६. पाया: इथं कंजुसी नाही

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरची भिंत कितीही चांगली असो, खालची जमीन वर्षातून दोनदा हलत असेल तर तडा जाणारच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा वर गेलेला तडा बहुतेक वेळा पायाचाच असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं जमीन वेगळी, तिथं हा त्रास कमी. वऱ्हाड, यवतमाळ, वर्ध्याकडं मात्र हा भाग दोनदा वाचा.

आधी एका कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घ्या. मुरूम कुठं लागतो ते दिसेल. शेजारच्या विहिरीच्या काठानंही अंदाज येतो. पाच-सहा फुटांत मुरूम असेल तर सगळे खड्डे मुरमापर्यंत न्या. सगळे म्हणजे सगळे. एक कोपरा मुरमावर आणि दुसरा काळीवर राहिला तर घर त्याच रेषेवर फाटतं. मुरूम फार खोल असेल तर अभियंत्याला बोलवा. तो अंडर-रीम पाईल सुचवेल, म्हणजे खाली फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खांब. साधारण साडेतीन मीटर खोल जातो, जिथं माती ऋतूप्रमाणं हलत नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत अशाच मातीसाठी पुढं आणली. अभियंत्याची फी जड वाटते, पण तडा बुजवण्याचा खर्च संपत नसतो.

मग या गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या:

- खड्डे खोदले की उघडे ठेवू नका. उन्हात त्यांना भेगा पडतात, पाऊस आला तर तळ चिखल होतो. त्याच आठवड्यात काँक्रीट पडलं पाहिजे.
- जोत्याचा बीम काळ्या मातीवर टेकू देऊ नका. खाली तीन-चार इंच पोकळी हवी, नाहीतर फुगलेली माती बीमला वर रेटते.
- जोत्याच्या आतली काळी माती काढा. भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. खोदलेली माती परत आत ढकलणं मिस्त्रीला सोपं जातं, म्हणून तो "चालते ना" म्हणतो. नाही चालत.
- घराभोवती तीन फुटांची फरशी, उतार बाहेरच्या बाजूला. छताचं आणि न्हाणीचं पाणी पायाजवळ मुरता कामा नये.
- मोठं होणारं झाड भिंतीलगत लावू नका. मुळं मातीतलं पाणी ओढतात आणि जमीन एका बाजूनं आकसते.
- जोत्याची उंची रस्त्यापासून दोन-अडीच फूट तरी ठेवा. गावातला सिमेंट रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच पुन्हा ओततात आणि घरं खाली जातात.

जोतं भरतानाच उधईचं औषध मारून घ्या.

७. मिस्त्रीशी बोलणं कागदावर

दर फुटावर ठरतो, पण "फूट" कोणाचा? जोत्याचा की स्लॅबचा, छज्जा धरून की सोडून, हे लिहा. दरात सेंट्रिंग, प्लास्टर, न्हाणीची टाकी, जिना, ओटा काय काय आलं तेही लिहा. मालासह ठेका देऊ नका. माल तुमचा, मजुरी त्याची. हप्ते टप्प्यांवर: जोतं, लिंटल, स्लॅब, प्लास्टर. "पोरीचं लग्न हाय, थोडे आगाऊ द्या ना बाप्पा" हे येणारच. माणुसकीनं द्यायचे तर वहीत सही घेऊन द्या. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा आणि हे सुरुवातीलाच सांगा.

स्वतः काय करावं? भराव, विटा उचलणं, पाणी मारणं, खिडक्यांना रंग, सामानावर लक्ष. सेंट्रिंग, लोहा बांधणं आणि वायरिंग जाणत्यालाच करू द्या. आणि रेजांची, म्हणजे बाईमजुरांची, मजुरी ठरवताना मिस्त्रीवर सोडू नका, तो त्यांना कमी देतो. आमच्याकडं भिंतीवर सगळ्यात नीट पाणी त्यांनीच मारलं.

८. माल तपासून घ्या

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणा, १०० नं भागा. चालकासमोर टेप काढला की पुढची ट्रॉली आपोआप भरून येते.

रेती काचेच्या बाटलीत पाण्यात हलवून तासभर ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर परत पाठवा. वाहतुकीचा पास मागाच, नाहीतर दंडाची भानगड दारात येते. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, तेव्हाचा भाव धरू नका.

लोहा वजनावर विकतात, पण मोजा नगावर. १२ मीटर लांबीची ८ मिलिमीटरची सळाख साधारण ४.७ किलो, १० ची ७.४ आणि १२ ची १०.७ किलो भरते. वजन फार कमी निघालं तर सळाख बारीक आहे.

विटा दोन एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज हवा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारसच्या वीज केंद्रांमुळं आपल्याकडं राखेच्या विटा सहज मिळतात. आकाराला सारख्या असल्यानं प्लास्टर कमी लागतं. मात्र पुरेशा मुरलेल्या घ्या, काल पाडलेली वीट आज भिंतीत नको.

पाण्याबद्दल वेगळं सांगते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी काँक्रीटला वापरू नका. त्या मिठानं आतला लोहा गंजतो आणि विटेला लोणा लागतो. टँकर महाग पडला तरी निदान पाया, कॉलम आणि स्लॅबला गोडं पाणीच.

घरचं सागवान कापून चौकटी करायचा विचार असेल तर तोडणीची आणि वाहतुकीची परवानगी आधी काढा. ती नको असेल तर सिमेंटच्या किंवा लोखंडी चौकटी घ्या.

९. स्लॅबचा दिवस

साडेचारशे फुटांचा पाच इंची स्लॅब असेल तर साधारण ४२ ते ४५ पोती सिमेंट लागतं. सगळा माल आदल्या दिवशी जागेवर हवा, मध्येच थांबलेला स्लॅब तिथूनच गळतो. प्रमाण १ : १.५ : ३ आणि पोत्यामागं पाणी २५ ते २७ लिटर. मजूर ओतायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात, तिथं एकानं बसूनच राहा. व्हायब्रेटर भाड्यानं आणा. लोह्याखाली दगड नाही, कव्हर ब्लॉक (लोहा फळ्यांपासून उचलून धरणारे सिमेंटचे छोटे ठोकळे). विजेचे पाईप ओतण्याआधी टाकले का, ते दोनदा पाहा. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून अभियंत्याला पाठवा.

काम पहाटे सुरू करा. दुसऱ्या दिवसापासून आळी करून पाणी भरून ठेवा, किमान दहा दिवस, आपल्या उन्हात चौदा. साडेचार मीटरपेक्षा लहान गाळ्याचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, बीमखालचे चौदा दिवसांनंतरच. सेंट्रिंगवाला दुसऱ्या साईटसाठी घाई करेल.

१०. वीज आणि शौचालय

बांधकामाला महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. वावरातल्या पंपाच्या जोडणीवरून मशीन चालवणं अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी जड बसते. घरात चांगलं अर्थिंग आणि गळती झाली की बंद होणारा ब्रेकर हवाच. आपल्याकडं विजा फार पडतात आणि कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी ऐकू येतो.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचं करा, एक भरला की दुसरा. काळ्या मातीतून पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्या किंवा भोवती विटांचे तुकडे आणि गिट्टी भरा. विहीर, बोअरपासून ३०-३५ फूट लांब आणि घराच्या पायापासूनही दूर.

११. घर झाल्यावरची नोंद

स्लॅब पडला की लोक कागद विसरतात. ग्रामपंचायतीत नवीन घराची नोंद नमुना ८ ला लावण्यासाठी अर्ज द्या आणि त्यात नवरा-बायको दोघांची नावं मागा. दोघांच्या नावानं नोंद होते, विचारलं नाही तर मात्र एकाच्याच नावानं होते. ही कराची नोंद आहे हे वर सांगितलंच. म्हणून जागेच्या कागदावरही बायकोचं नाव लागायचं असेल तर नवऱ्याकडून बक्षीसपत्र वेगळं करा. विजेची कायम जोडणी, पुढं कधी गृहकर्ज, सौर पॅनलचा अर्ज, सगळ्यांना हा उतारा लागतो. उतारा हातात पडला की तिथंच उभं राहून नावांची अक्षरं आधारकार्डाशी ताडून पाहा आणि बांधकामाचा प्रकार "पक्के, स्लॅब" लिहिलाय की चुकून "टिनपत्री", तेही.